शाळेच्या आवारातून गेलेलं

माती. पेव्हर ब्लॉक आले आणि ती गेली. काठीने रेघ ओढली की लंगडीचं अंगण तयार व्हायचं, टाचेने उकरलं की गोट्यांची गल. रेघ कुठून ओढायची यावर भांडण व्हायचं आणि मुलंच ते मिटवायची. ब्लॉकवर रेघ उमटत नाही. पडलं की गुडघा फुटतो, म्हणून ‘पळू नका’ ही सूचना आली.

खो-खोचे दोन खांब. स्कूलबस वळवताना आड येतात म्हणून काढले. या खेळात आठ जण पाटीवर बसतात, नववा धावतो, आणि खो मिळाल्याशिवाय बसलेल्याने उठायचं नसतं. आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकवणारा इतका चांगला तास वेळापत्रकात दुसरा नव्हता.

लांब उडीचा वाळूचा खड्डा.

नळाखालची कर्दळ. हात धुतलेलं पाणी तिला जायचं.

चिंच आणि तिचा पार. पाला पडतो, कचरा होतो, म्हणून तोडली. पारावर डबा खाणारे असत, भांडून आलेले असत, नुसतं बसणारेही असत. प्रत्येक मुलाला मधल्या सुट्टीत धावायचं नसतं. त्यांना बसायला सावली हवी, थोडा आडोसा हवा. सपाट, उघड्या आवारात मोठी मुलं क्रिकेटसाठी सगळी जागा घेतात आणि लहानगी भिंतीला टेकून उभी राहतात. तिथे धक्के लागतात, रडारड होते, डायरीत तक्रार जाते. पालकसभेत मग मुलांच्या वागण्यावर बोललं जातं, आवारावर कोणी बोलत नाही.

वेंडी टिटमन यांनी १९९४ साली ब्रिटनमधल्या शाळांच्या आवारांवर अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेच्या लेखी आपली काय किंमत आहे, हे मुलं आवारावरून ताडतात, असं त्यांना आढळलं. मला हे पूर्ण पटतं. झाड तोडून गाड्या लावल्या, तर मुलांना कळायचं ते कळतंच.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळेला मैदान असावं एवढंच आहे. त्यात माती हवी, सावली हवी, असा शब्द नाही. ते आपल्याला मागावं लागेल. फरशी बसवण्याचा किंवा झाड तोडण्याचा विषय निघाला, तर शाळा व्यवस्थापन समितीत हरकत नोंदवा. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात.