कढईपासून चार पावलांवर

चंद्रपूर

प्रिय छोटी,

तुझं पत्र मिळालं. डोनटच्या एखाद्या मोठ्या कंपनीची शाखा घ्यावी, की जटपुरा गेटाच्या आसपास स्वतःचंच लहानसं दुकान टाकावं, हा तुझा प्रश्न. सोबत टोमणाही आहेच, की मावशीला डोनट इतका आवडतो की ती कुठल्याही दुकानाला हो म्हणेल. आवडतो, यात वाद नाही. पण आवडतो म्हणूनच कुठल्याही दुकानाला मी हो म्हणणार नाही. माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुला भांडायला सोपं जाईल: गोड तळणाची गोडी नावावर ठरत नाही, कढई आणि तोंड यांच्यामधल्या अंतरावर ठरते. हे अंतर कमी ठेवणं गल्लीतल्या दुकानाला आणि घरच्या चुलीला जितकं जमतं, तितकं दूरच्या कारखान्याला जमत नाही. यात गावाचा अभिमान किंवा जुन्या दिवसांची हळहळ नाही. पदार्थाचा स्वभावच तसा आहे, आणि तो नीट समजला की दुकानाचा निम्मा हिशेब सुटतो.

आधी कढईत काय घडतं ते बघ. तेल 180 अंशांच्या आसपास तापलेलं असताना पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर पडत राहते. तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. तेल जास्त मुरतं ते गोळा बाहेर काढल्यावर, तो निवू लागला आणि आतली वाफ विरली की. म्हणून झाऱ्यावर नीट निथळणं आणि गरम असतानाच खाणं यात चोचले नाहीत, पदार्थ हलका लागण्याचं ते कारण आहे. पुढे निवलेल्या पिठातला स्टार्च पुन्हा घट्ट बसू लागतो. पाव शिळा होतो तो मुख्यतः यामुळे, आणि फ्रिजच्या थंडाव्यात ही क्रिया मंदावण्याऐवजी वेगाने होते. डोनटवर साखरेचा लेप असेल तर तो ओलावा ओढतो, चिकट होतो आणि वरची पातळ कुरकुरीत कड मऊ पडते. सकाळी दूरच्या स्वयंपाकघरात तळून गाडीने आलेला डोनट संध्याकाळी काचेच्या कपाटात कितीही देखणा दिसला, तरी त्यातलं अर्धं सुख वाटेतच सांडलेलं असतं. वर चॉकलेट, मलई आणि रंगीत दाण्यांचे थर चढतात, त्यातले बरेचसे ही उणीव झाकण्यासाठीच असतात, असा मला संशय आहे. ताज्या डोनटला नुसती पिठीसाखर पुरते.

तू म्हणशील, मग या कंपन्या जगभर चालतात कशा? त्यांचाच इतिहास माझ्या बाजूने बोलतो. अॅडॉल्फ लेविट नावाचा रशियातून आलेला निर्वासित न्यूयॉर्कमध्ये नाटक सुटल्यावर येणाऱ्या गर्दीला डोनट विकायचा. मागणी पुरी पडेना म्हणून 1920 मध्ये त्याने डोनट करण्याचं यंत्र बनवून घेतलं, आणि लोकांना ते चालताना दिसावं म्हणून खिडकीत ठेवलं. क्रिस्पी क्रीम 1937 मध्ये अमेरिकेतल्या विन्स्टन-सेलम शहरात सुरू झाली, ती किराणा दुकानांना माल पुरवण्यासाठी. पण वासाने ओढले गेलेले लोक थेट कारखान्याच्या दारात येऊन गरम डोनट मागू लागले, तेव्हा मालकाने भिंतीलाच खिडकी पाडली. पुढे घाणा गरम आहे हे सांगणारा लाल दिवा ही त्या कंपनीची ओळख झाली. म्हणजे ज्यांनी डोनट गाडीवर चढवून गावोगाव नेला, त्यांनाही नाव मिळवून दिलं ते खिडकीतल्या गरम घाण्याने. आपल्या देशात मॅड ओव्हर डोनट्स 2008 मध्ये आणि डंकिन 2012 मध्ये आली. त्यांनी मोठ्या शहरांना डोनटची चव लावली, बिनअंड्याचा डोनट रुळवला, हे त्यांचं श्रेय मान्य करायला हवं. पण चव लावणं वेगळं आणि चव टिकवणं वेगळं.

याहून मोठा पुरावा कॅलिफोर्नियाचा आहे. कंबोडियातल्या युद्धातून आणि संहारातून जीव वाचवून आलेली माणसं 1975 पासून तिथे पोचू लागली. त्यांच्यातल्या टेड न्गोय यांनी एका मोठ्या साखळीच्या दुकानात काम शिकून स्वतःचं दुकान घेतलं आणि मग आपल्या लोकांना एकेक करून या धंद्यात आणलं. आज तिथली बहुसंख्य स्वतंत्र डोनट दुकानं कंबोडियन कुटुंबांची आहेत. डंकिनसारख्या कंपनीला त्या राज्यातून माघार घ्यावी लागली आणि ती 2014 च्या सुमारास परत आली. या कुटुंबांकडे जाहिरातीला पैसा नव्हता, पाककृतीही त्यांची वडिलोपार्जित नव्हती. त्यांच्याकडे होती पहाटेची पाळी, घरातलेच हात आणि रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाची ओळख. त्या घरांतल्या मुलांची झोप आणि आयांची कंबर यात खर्ची पडली, हेही विसरू नकोस. लहान दुकानाचं गुणगान करणारे हा खर्च सहसा लिहीत नाहीत. पण परक्या मुलखात परका पदार्थ करूनही लहान दुकान मोठ्याला पुरून उरू शकतं, एवढं यातून सिद्ध होतं.

आता आपल्या मुलखाकडे वळू, कारण तुझा दुसरा आक्षेप तिथला आहे: डोनट हे शहरी खूळ, झाडीपट्टीत त्याचं काय काम? गोड पीठ तळून खाणं इथे कुणाला शिकवावं लागत नाही. छपरावर चढलेल्या वेलाचं लाल कोहळं शिजवायचं, त्यात गूळ विरघळवायचा, मावेल तेवढी कणीक घालायची आणि हाताने लहान लहान बोंडं तेलात सोडायची. डोनटला मधोमध भोक असतं ते शोभेसाठी नाही. जाड गोळ्याचा मध्य कच्चा राहू नये म्हणून असतं. आपल्या बायकांनी तोच प्रश्न बोंडं लहान ठेवून सोडवला. सिरोंचाकडे आणि बल्लारपुरातल्या तेलुगू घरांत उडदाच्या गारेलूला बोटाने भोक पाडतात. ते तिखटमिठाचे, पण युक्ती तीच. अनारसा घे. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे, सावलीत सुकवून कुटायचे, गुळात मळून पीठ मुरवत ठेवायचं आणि हवे तेव्हा चारदोन तळायचे. मुलचेरा आणि चामोर्शी भागात पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं वसवली गेली, त्यांच्या घरी मालपुवा आणि पिठे होतात. एवढी तळणं चंद्रपूर-गडचिरोली या ज्या दोन जिल्ह्यांत नांदतात, तिथे आणखी एक पाहुणा यायला कसली अडचण?

यातल्या अनारशापाशी जरा थांब, कारण लहान दुकानाची सर्वात मोठी अडचण तोच सोडवतो. गिऱ्हाईक कधी येईल सांगता येत नाही, मग सारखं ताजं कसं द्यायचं? उत्तर असं, की साठवायचं ते पीठ, तयार पदार्थ नाही. अनारशाचं पीठ महिनोन्महिने टिकतं. डोनटचं यीस्ट घातलेलं पीठ तेवढं टिकत नाही, पण थंड ठेवलं तर रात्रभर सावकाश फुगतं आणि त्याची चवही वाढते. सकाळी एक घाणा, शाळा सुटताना एक, संध्याकाळी एक, अशा वेळा बांध आणि पाटीवर लिही. बोंडांचं तर आणखी सोपं: कोहळ्याचा गर आणि गूळ दोन्ही ओलावा धरून ठेवतात, म्हणून बोंडं दुसऱ्या दिवशीही मऊ लागतात. मैद्याच्या डोनटला ते साधत नाही. तेव्हा उरलेल्या मालाची धास्ती कमी करायची असेल, तर डोनटशेजारी बोंडांची परात ठेवणं हा निव्वळ व्यवहार आहे.

बोंडांसारखाच दुकानात आणता येईल असा इथला आणखी एक गोडवा म्हणजे मोह. चैत्राच्या पहाटे झाडाखाली पडलेली फुलं वेचून वाळवली, की त्यांच्या वजनात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक साखरच असते. पण मोह म्हटलं की आपल्याकडे दारूच आठवते. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. या सगळ्या वादात मोह हे आधी अन्न आहे ही गोष्ट मागे पडली. त्याचे लाडू बचत गटांच्या बायका करून विकतात. फुलातलं केसर आणि माती काढून, भिजवून, शिजवून वाटलेला मोह कणकेत मिसळला तर तळणाला गूळही कमी लागतो. मोहाची चव उग्र असते, सगळ्यांना रुचेलच असं नाही, म्हणून थोड्यापासून सुरुवात कर. पण ही चव मुंबईची कंपनी आणू शकणार नाही, आणलीच तर तिला ती फुलं इथूनच न्यावी लागतील.

तुझा तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला मी टोलवणार नाही. लहान दुकानातलं तेल. काळं पडलेल्या तेलात रोज थोडं नवं ओतायचं आणि आठवडा काढायचा, ही सवय आपल्या बाजारात आहे, आणि कंपनीच्या दुकानाकडे लोक वळतात ते याच भीतीने. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जुलै 2018 पासून तळणाच्या तेलात पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या ध्रुवीय संयुगांना 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. त्यापुढे ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. हा नियम मोठ्यांना आणि लहानांना सारखाच आहे. तेव्हा ‘आमचं घरगुती आहे’ असं म्हणून यातून सुटू नकोस. कढई लहान घे, म्हणजे तेल कमी लागेल आणि बदलायला जीव कचरणार नाही. दर घाण्यानंतर कण गाळून घे, वनस्पती तूप वापरू नकोस आणि टाकायच्या तेलाची किंमत डोनटच्या भावात पहिल्या दिवसापासून धर. कढई गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर ठेव. काचेमागे कारखाना लपवता येतो, समोरची कढई लपवता येत नाही, आणि लहान दुकानावरचा विश्वास त्या उघडेपणातूनच उभा राहतो. कंपन्यांचा एक गुणही उचल: वजनकाटा आणि तेलात बुडवायचा तापमापक. आज गोड, उद्या फिका, परवा कच्चा, याला हाताची चव म्हणत नाहीत, हलगर्जी म्हणतात.

प्रकृतीचा मुद्दा राहिला. तळलेलं गोड ते तळलेलं गोडच. गूळ घातला म्हणून ते औषध होत नाही, आणि मोह घातला म्हणूनही नाही. पण लहान आकार हा इथे आपला मित्र आहे. हातभर रुंदीचा, तीन थरांचा, मलई भरलेला डोनट एकट्याने संपवण्यापेक्षा दोन गरम बोंडं खाऊन माणूस तृप्त होतो, कारण ताजेपणाने जे समाधान मिळतं ते भरावाने भरून काढावं लागत नाही. सणाचा पदार्थ रोजचा होऊ नये ही काळजी मात्र मलाही आहे. त्यासाठी माप लहान ठेव, आणि स्वस्ताई दाखवून एकावर एक फुकट देऊ नकोस.

शेवटचा आक्षेप तुझ्या आईचा दिसतो: बोंडं घरोघरी होतात, विकत कोण घेईल? घरचं फुकट असतं हा समज आहे. कोहळं किसणाऱ्या, तेलापाशी तासभर उभ्या राहणाऱ्या बाईची मजुरी कुणी लिहीत नाही, एवढंच. आता ती बाई शाळेत शिकवते, बँकेत बसते, शेतावर जाते. घरी बोंडं होतात ती सणाला, आणि पुष्कळ घरांत तेवढीही नाहीत. जे घरी क्वचित होतं आणि सगळ्यांना ओळखीचं आहे, त्याला गिऱ्हाईक असतं. दिवाळीनंतर मंडई भरू लागतात, देसाईगंज-वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. थंडीतल्या त्या प्रेक्षकांत आणि लेविटच्या गर्दीत भुकेपुरता तरी काही फरक नाही. महाशिवरात्रीला मार्कंडादेवाची आणि चैत्रात आपल्या महाकालीची यात्रा असते. दुकान गेटापाशी असू दे, पण एक कढई फिरती ठेव. आणि मळणाऱ्या-तळणाऱ्या बायकांना ठरलेली मजुरी दे. घरगुती चव म्हणून विकायची आणि घरच्यासारखंच राबवून घ्यायचं, असं तुझ्या दुकानात होऊ नये.

तेव्हा माझा कौल स्पष्ट आहे. शाखा घेऊ नकोस. दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचं पीठ आणि दुसऱ्याचे दर घेतलेस तर तुझ्या हाती फक्त विक्री उरेल, तळणं उरणार नाही. आणि या धंद्यात जे मोलाचं आहे ते तळण्यातच आहे. लहान जागा घे, दोनच पदार्थांनी सुरुवात कर: साखर भुरभुरलेला साधा डोनट आणि कोहळ्याची बोंडं. मोह पुढच्या उन्हाळ्यात. भाड्याचा, गॅसचा आणि टाकायच्या तेलाचा हिशेब मांडून मला पाठव. आकडे जुळत नसतील तर मी नाही म्हणेन, डोनट मला कितीही आवडत असला तरी.

तुझी,
मावशी