तेजा, मोगँबो आणि आमच्या घरातला आवाज

‘मार्क ऑफ तेजा’ हे एका अल्बमचं नाव आहे हे कळलं तेव्हा मला आधी हसू आलं. तेजा म्हणजे ‘अंदाज अपना अपना’मधला परेश रावल. 1994 चा सिनेमा, आला तेव्हा पडला आणि नंतर केबलवर बघून बघून घराघरात पाठ झाला. त्यात परेश रावलचा डबल रोल आहे, एक सज्जन आणि एक खलनायक, आणि खरा तेजा कोणता हे ओळखायची खूण म्हणजे तो ‘मार्क’. मुंबईच्या स्क्राइब नावाच्या बँडनं 2010 साली आपल्या अल्बमला हे नाव दिलं. चार वर्षांनी, 2014 मध्ये, पुढचा अल्बम आला त्याचं नाव ‘हेल मोगँबो’. मोगँबो कोण हे सांगायची गरज नाही. ‘मिस्टर इंडिया’, 1987, अमरीश पुरी, लेखन सलीम-जावेद.

हे सगळं मला कुठून माहीत? माझ्या भाच्याकडून. तो चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार आहे. पिंपरीत आमच्याच गल्लीत राहतो, मला खाला म्हणतो आणि सुट्टीच्या दिवशी गिटार वाजवतो. वाजवतो म्हणजे काय, तर शेजारचे लोक दार ठोठावतात.

या संगीताला पोस्ट-हार्डकोअर म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट तितकी नाही. अमेरिकेत पंकमधून हार्डकोअर निघालं. गाणी दीड-दोन मिनिटांची, वेग पळत सुटल्यासारखा आणि गाण्याच्या जागी ओरडणं. 1980 च्या दशकात त्याच पोरांपैकी काहींना हे पुरेनासं झालं. नुसतं पळून काय होणार? मग त्यांनी मध्येच थांबायला सुरुवात केली, ठेका तोडला, शांतता आणली आणि त्या शांततेनंतर पुन्हा ओरडले. वॉशिंग्टनचा फुगाझी हा त्यातला सगळ्यात मानाचा बँड. त्यांचा ‘रिपीटर’ 1990 साली आला, डिस्कॉर्ड या त्यांच्या वर्तुळातल्याच छोट्या कंपनीकडून. कार्यक्रमाचं तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवायचं, बँडच्या नावाचे टी-शर्ट विकायचे नाहीत, असे त्यांचे हट्ट होते. त्यांचा गायक इयन मकाय आधी ज्या बँडमध्ये होता त्याच्या 1981 च्या एका गाण्यावरून तर ‘स्ट्रेट एज’ नावाची चळवळच उभी राहिली. दारू नाही, सिगरेट नाही, ड्रग्ज नाहीत. हे मी माझ्या बहिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “दारू नै पीते, फिर चिल्लाते कायकू?”

(सगळेच बँड तसे नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही.)

स्क्राइब त्या झाडाची मुंबईत उगवलेली फांदी. विश्वेश कृष्णमूर्ती हा त्यांचा गायक. त्याला गायक म्हणायचं की नाही हा आमच्या घरातला वादाचा मुद्दा आहे. बेस वाजवणारा श्रीनिवास सुंदरराजन सिनेमेही करतो. आपल्याकडे संगीत म्हणजे सिनेमाचं संगीत, बाकीच्यांनी पोटापाण्याचं दुसरं काही बघायचं आणि उरलेल्या वेळात अल्बम करायचा. अशा अल्बमचं प्रकाशन म्हणजे रेडिओवर गाणं लागणं नव्हे. सीडी निघते, कार्यक्रमात विकली जाते आणि मग हातोहात फिरते. आमच्या भागात ‘मार्क ऑफ तेजा’ आला तो मेमरी कार्डवरून. आयटीआयमधल्या एका मित्रानं भाच्याच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. त्याच वर्षी, 2010 च्या डिसेंबरात, पुण्यात पहिला एनएच7 वीकेंडर झाला, कोरेगाव पार्कला. आता तो सात नंबरचा जुना हायवे वाराणसीहून नागपूरमार्गे कन्याकुमारीला जायचा, पुण्याशी त्याचा संबंध नाही. आमचा हायवे पुणे-नाशिक. आधी त्याचा नंबर 50 होता, आता 60 आहे, आणि भोसरी ते चाकण तो इतका तुंबतो की त्याच्यावर अल्बम काढायचा तर एकही वेगवान गाणं घालता येणार नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. त्यामुळे माझं लक्ष आधी नावांकडे गेलं. या पोरांचे शब्द बहुतांशी इंग्रजी, संगीत अमेरिकेतून आलेलं, पण गाण्यांची नावं बघा: एकाचं ‘आय लव्ह यू पावभाजी’, एकाचं ‘दम है तो आगे आ’. माझ्या वर्गातली मुलं घरी दखनी बोलतात, शाळेत ती लपवतात. उर्दूच्या तासाला लखनवी व्हायचा प्रयत्न करतात, मराठीच्या तासाला पुणेरी, आणि दोन्हीकडे ओशाळतात. आणि ही मुंबईची इंग्रजी शिकलेली पोरं गल्लीतला शब्द उचलून थेट कव्हरवर छापतात. त्यांना ते सोपं आहे, हेही खरं. इंग्रजी खिशात असलं की बंबईया बोलणं गंमत ठरते, नसलं की तेच अडाणीपण ठरतं. तरीही मला ते आवडलं.

ओरडण्याबद्दल मात्र मला वेगळं काही सांगायचं आहे.

अब्बा मूळचे बार्शीचे. दादा तिथल्या गिरणीत होते. आमच्या घरात ज्या माणसाचं नाव आदरानं घेतलं जायचं तो बार्शीचाच: शाहीर अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म 1916. 1944 साली अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकात उभा राहिलेला, संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव गायलेला. अब्बा सांगायचे की त्या आवाजाला माइकची गरज नव्हती. एक मुसलमान माणूस हजारो लोकांसमोर मराठीत आभाळ फाटेल असा आवाज लावतो आणि लोक त्याला आपला म्हणतात, हे सांगताना अब्बांची मान ताठ व्हायची. 1969 साली अपघातात तो गेला, तेव्हा आमच्यातली बरीच मुलं जन्मलीही नव्हती.

भाच्यानं मला स्क्राइबच्या कार्यक्रमाचा एक व्हिडिओ दाखवला. गायक एक ओळ टाकतो आणि बाकीचे सगळे, प्रेक्षकसुद्धा, एकदम ती उचलून धरतात. हे मी ओळखलं. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात ना, तेच काम.

मग त्याच घरात या पोराला सगळ्यात जास्त ऐकावं लागलेलं वाक्य कोणतं? “आवाज नीचे रख.”

ते नेमकं 2014 पासून. त्या वर्षी 2 जूनला हडपसरमध्ये नमाज पढून घरी निघालेल्या एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला जमावानं मारून टाकलं. ज्या फेसबुक पोस्टवरून तणाव होता तिच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. टोपी आणि दाढी पुरली. माझा भाचा तेव्हा आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला होता. बहिणीनं त्याच्या बॅगेतली टोपी काढून घेतली. बसमध्ये फोनवर अम्मी म्हणायचं नाही, आई म्हणायचं. सलाम करायचा नाही. कोणी काही बोललं तर मान खाली घालून उतरायचं. पुढे हडपसरला कुठलासा गाण्याचा कार्यक्रम होता, त्याला जायचं होतं. नाही म्हणजे नाही. ‘हेल मोगँबो’ त्याच वर्षीचा. तो त्यानं कार्यक्रमात नाही, गोधडीत तोंड खुपसून इयरफोनवर ऐकला.

बहिणीला मी दोष देणार नाही. तिचं भय खरं होतं, आजही आहे. पण वीस वर्षांच्या पोराला सगळीकडून हळू बोल म्हटलं तर त्याचा आवाज कुठे जातो, हा प्रश्न तर उरतोच. कंपनीत तो नाही. तिथे प्रेस मशीन बोलतं. कायद्यानं आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा आहे, भाचा म्हणतो की कानात बोळे घालूनही रात्री घरी आल्यावर ठोके ऐकू येतात. कंत्राट संपायच्या भीतीनं तिथेही कोणी तोंड उघडत नाही.

मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी त्याला सांगितलं, मौसिकी हराम आहे, त्यातही ही तर शैतानी. मी मुफ्ती नाही, बीएड आहे, फतवा देणार नाही. पण इतकं वाचलेलं आहे की हा वाद हजार वर्षं चालू आहे आणि मिटलेला नाही. अंदलुसच्या इब्न हज्मनं संगीताविरुद्धच्या हदीसांची सनद कमजोर ठरवली होती. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. हजरत निजामुद्दीन औलियांना समावरून गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलमांसमोर उभं राहावं लागलं. बुजुर्गांशी मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं की त्या प्रेस मशीनच्या आवाजाबद्दल काय हुकूम आहे. ते हसले. चांगले आहेत ते.

मला या सगळ्यात गुंतवलं ते घशानं. साठ मुलांच्या वर्गात वीस वर्षं ओरडून माझ्या स्वरतंतूंवर सूज आली. डॉक्टरांनी महिनाभर कमी बोलायला सांगितलं. भाचा म्हणाला, “खाला, तुम गले से चिल्लाते. पेट से चिल्लाना.” मग त्यानं दाखवलं. श्वास खालून, घसा सैल, आणि जो खरखरीत आवाज निघतो तो स्वरतंतूंवर दाब न देता, त्यांच्या वरच्या पडद्यांतून. मी त्याला मखरज समजावले. तजवीदमध्ये घशाची सहा अक्षरं आहेत: हमजा, हे, ऐन, बडी हे, गैन, खे. कोणतं घशाच्या मुळातून, कोणतं मधून, कोणतं तोंडाजवळून, हे लहानपणी उस्तादांनी छडी दाखवून शिकवलेलं. तो चकित झाला. त्याच्या बँडमध्ये हे कोणालाच इतकं नेमकं सांगता येत नव्हतं. ऐन म्हणून बघ, खे म्हणून बघ, असं करत आम्ही दोघं संध्याकाळभर स्वयंपाकघरात खाकरत बसलो. बहिणीला वाटलं मला पुन्हा सर्दी झाली.

आता त्यांचा तिघांचा बँड आहे. एक भोसरीचा, एक आळंदीचा, आणि हा. पाच गाण्यांचं काही तरी करायचं आहे. भोसरीत एका बंद गाळ्यात भिंतींना अंड्यांचे ट्रे लावून सराव चालतो. ड्रमचा आळंदीचा पोरगा वारकरी घरातला, पखवाज शिकलेला, त्यामुळे ठेका मोडला तरी सम कुठे आहे हे त्याला बरोबर माहीत असतं.

शब्द मी लिहावेत असं भाच्याचं म्हणणं पडलं. मी आठ ओळी लिहिल्या, चांगल्या उर्दूत, काफिया सांभाळून. त्यानं वाचल्या आणि म्हणाला, “खाला, ये तो सालगिरा का कार्ड हुआ.” मला राग आला. दुसऱ्या दिवशी परत वाचल्या. सालगिरा तर सालगिरा, काफिया मात्र बिनचूक होता.

शेवटी त्यानं स्वतःच लिहिलं, घरातल्या दखनीत, मध्ये मध्ये मराठी. झिलीची ओळ एकच आहे, तिघांनी मिळून सोळा वेळा ओरडायची: आवाज नीचे रख. बहिणीला दाखवली. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली, मग म्हणाली, “उसपे मेरा नाम नक्को डालना.” ओळ काढ असं मात्र म्हणाली नाही.

पैसे तिघांच्या ओव्हरटाइममधून जमतायत. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, शेजारचे गाळे बंद असतात. पुढच्या गुरुवारी आधी ड्रम रेकॉर्ड करायचे आहेत.