पडद्याच्या तळची ओळ

गेल्या कार्तिकांत आमच्या घरांत एक चोरी झाली. चोर कोणास दिसला नाहीं, कुलूप मोडलें नाहीं, आणि गेलेल्या मालाची यादी द्यावी म्हटलें तर ती यादीच चोरीस गेलेली!

त्याचें असें झालें. माझे वडील बंधु, ज्यांना घरांतील लहानथोर सर्वच दादा म्हणतात, ते आतां चौऱ्यायशीं वर्षांचे आहेत. मी शाळेंत मुलांकडून ‘देव’ शब्द चालवून घेत होतों तीं तीस वर्षें त्यांनीं रिद्धपुरांतलें आमचें वावर चालविलें. गेलीं दोन वर्षें सायंकाळीं ते ओसरीवरील बंगईवर बसून शेतीचे जुने शब्द सांगतात आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन ते टिपून घेतों. वखर, डवरा, तिफण हे शब्द छापील कोशांत सांपडतात. पण त्या अवजारांच्या प्रत्येक खुंटीला, दोरीला, पाचरीला आमच्या शिवारांत जें वेगळें नांव होतें, तें दादांच्या तोंडींच काय तें उरलें आहे.

त्या सायंकाळीं रेंगीचा, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीचा, विषय निघाला. दादा रंगांत आले होते. चाळीसांच्या वर शब्द झाले असतील. मध्यें केव्हां तरी लाइन गेली, पंखा थांबला. परंतु पडद्याचा उजेड तसाच होता, म्हणून मला भान राहिलें नाहीं. बॅटरीचें चित्र पडद्याच्या कोपऱ्यांत मोहरीएवढें असतें; मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना तें दिसत नाहीं. एकाएकीं पडदा काळा झाला. लिहिलेलें दर दहा मिनिटांनीं आपोआप जपून ठेवण्याची सोय त्या यंत्रांत होती. ती मीं पूर्वीं मधेंच अडखळल्यासारखें होतें म्हणून स्वतःच बंद केली होती. तेव्हां दोष देण्यास दुसरा कोणी नाहीं.

दुसऱ्या दिवशीं दादांना विचारलें, तर ते म्हणाले, “कोणती रेंगी?” आठ दिवस मी निरनिराळ्या वाटांनीं तोच विषय काढीत राहिलों. अकरा शब्द परत आले. बाकीचे आले नाहींत.

आमच्या गांवाला हा प्रकार नवा नाहीं. तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं येथेंच बसून, ज्यांनीं चक्रधरस्वामींना पाहिलें होतें त्यांना गांठून आठवणी मिळविल्या व लीळाचरित्र सिद्ध केलें. पुढें स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ पोथी गेली आणि पंथांतील मंडळींनीं आठवणींवरून ती पुनः लिहिली. म्हणून तिच्या निरनिराळ्या प्रतींत पाठ जुळत नाहींत. मात्र तेव्हां आठवणारे अनेक होते. माझ्यापाशीं एकच होता.

मार्गशीर्षांत दादांचा नातू अमरावतीहून आला. तो तेथें अभियांत्रिकी शिकतो. त्याला सर्व सांगितलें, आणि यंत्र जुनें झालें, नवें घ्यावें काय, असें विचारलें. कारण १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज दहाचा नेहमीचा आधार कंपनीनें थांबविला होता, आणि पुढची अकरा क्रमांकाची आवृत्ति आमच्या यंत्राला पेलणारी नव्हती. तो हंसून म्हणाला, “धाकटे आजोबा, यंत्र म्हातारें नाहीं. त्याच्या अंगावर दागिने फार झाले आहेत.”

दोन दिवसांत त्यानें ते दागिने उतरविले. यंत्रावर लिनक्स बसविलें. लिनक्सचा गाभा १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें प्रथम रचला व सर्वांस खुला केला. योगायोग असा कीं, लिथियम-आयन बॅटरीहि सोनी कंपनीनें त्याच वर्षीं बाजारांत आणली. त्या गाभ्यावर नेहमींचा नटलेला पडदा न घालतां नातवानें ‘आय-थ्री’ नांवाचा खिडक्यांचा व्यवस्थापक घातला. मायकेल स्टापेलबर्ग या जर्मन गृहस्थानें तो २००९ मध्यें सुरू केला. यांत चित्रें नाहींत, सजावट नाहीं. खिडकी उघडली कीं ती सबंध पडदा व्यापते; दुसरी उघडली कीं दोघी निम्मा निम्मा वांटून घेतात, एकमेकींच्या अंगावर चढत नाहींत. (हें पाहून आमच्या घरांतून शेरा आला कीं, चार सुनांच्या घराला हा व्यवस्थापक आधीं मिळावयास हवा होता.) तळाशीं मात्र एक बारीक पट्टी असते, आणि यंत्राची सर्व प्रकृति तीत लिहिलेली असते.

पण नातवानें ती पट्टी मला तयार करून दिली नाहीं. “हें तुमचें तुम्हींच लिहा,” असें म्हणून तो एक साधी मजकुराची फाइल उघडून देऊन गेला. यंत्रानें कसें वागावें हें त्या फाइलींत ओळीनें लिहावयाचें. एक ओळ, एक आज्ञा. मी पाठशाळेंत सूत्रें घोकलेला मनुष्य. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो म्हणतात. त्या फाइलींत मला तीच जात दिसली. अधिकारसूत्राप्रमाणें वरचा शब्द खालच्या कंसांतील सर्वांवर चालतो आणि एक कंस मिटावयाचा राहिला तर सर्व अर्थ कोसळतो. पहिल्या दिवशीं तो तसा तीन वेळां कोसळला.

पट्टींत मजकूर भरणाऱ्या ‘आय-थ्री-स्टेटस’ या साधनांत बॅटरीच्या अवस्थांना इंग्रजी अक्षरें दिलेलीं असतात. तीं काढून मीं ‘भरत आहे’, ‘खर्च चालू’ आणि ‘पूर्ण’ असें लिहिलें. वाराचें नांव मराठींत आणलें. अक्षरें थोरलीं केलीं. टंक ‘लोहित’ नांवाचा निघाला. तांबडी टोपी हें नांव मिरविणाऱ्या रेड हॅट कंपनीनें तो खुला केला, आणि संस्कृतांत लोहित म्हणजे तांबडा, हें नातवाला मीं सांगितलें तेव्हां प्रथमच त्यानें माझ्याकडून कांहीं शिकून घेतलें! बॅटरी ठराविक मर्यादेखालीं उतरली कीं ते अक्षर लाल होतें. ही मर्यादा मूळची मिनिटांत मोजलेली असते. मीं ती शेंकड्यावर आणली.

तरीहि लाल अक्षर पाहण्यास डोळा तिकडे गेला पाहिजे. म्हणून हांक मारणारा कोणी तरी हवा होता. गाभ्यानें मांडून ठेवलेल्या कप्प्यांत ‘कपॅसिटी’ नांवाची एक फाइल असते. तींत फक्त एक आंकडा. ती खरी तबकडीवर नसतेच. आपण वाचावयास गेलों कीं गाभा त्या क्षणीं बॅटरीला विचारून उत्तर लिहून देतो. शेजारच्या ‘स्टेटस’ फाइलींत बॅटरी भरते आहे कीं खर्चते आहे तें असतें. दर मिनिटास हे दोन्ही वाचावे, खर्च चालू असून आंकडा वीसवर आला तर पडद्यावर सूचना लावावी, एवढी सात ओळींची आज्ञावली मीं लिहिली. हातानें चालविली तर चोख चाले. वेळापत्रकानें कामें करणाऱ्या ‘क्रॉन’च्या स्वाधीन केली तर गप्प! चार दिवस डोकें खाजविल्यावर नातवानें दूरध्वनीवर उलगडा केला. क्रॉन पडद्यामागें वावरतो. कोणत्या मनुष्याच्या कोणत्या पडद्यावर निरोप द्यावयाचा हें त्याला कोणी सांगितलेलेंच नसतें. तेव्हां ती आज्ञावली आय-थ्रीच्याच हातीं दिली. ती आतां माझ्या पडद्याबरोबर जन्मते व त्याच्याबरोबरच निजते.

पुढें दुसरी खोड निघाली. एकदां वीसवर आलें कीं दर मिनिटाला बोंब. एकदां सांगितलें हें लक्षांत ठेवण्यास आणखी दोन ओळी घालाव्या लागल्या. तिसरी खोड बॅटरीची. आंकडा बावीस असतां एके दिवशीं यंत्र पुनः पडलें. जुन्या बॅटरीचा आंकडा हा अंदाज असतो, मोजमाप नव्हे. नवेपणीं तिच्यांत किती मावत असे आणि आतां किती मावतें, हे दोन आंकडेहि गाभ्यापाशीं असतात. भागाकार केला, तर निम्म्याहून थोडें अधिक उरलें होतें. मीं मर्यादा पस्तीसवर नेली, पंचविसावर यंत्रानें स्वतःच सर्व आवरून बंद व्हावें अशी आज्ञा घातली, आणि लिहिलेलें दर मिनिटाला जपून ठेवण्याची सोय पुनः चालू केली. या एवढ्याशा कामाला पाऊण महिना गेला. इतक्या दिवसांत दादांनीं किती शब्द सांगितले असते, हा हिशेब मीं केलेला नाहीं.

नातू संक्रांतीला आला तेव्हां त्यानें न विचारतां एक भर घातली. पस्तीसवर येतांच आतां यंत्र बोलतें: “अरे, लाइन गेली, लिहून घे.” आवाज दादांचा. त्यानें तो आपल्या फोनवर घेतला होता.

परवां सायंकाळीं दादा पऱ्हाटीच्या वेचणीचे शब्द सांगत होते. लाइन गेलेलीच होती. मध्येंच तो आवाज आला. दादा थांबले, बंगईवरून वांकून पडद्याकडे पाहूं लागले आणि म्हणाले, “हा कोण बोलतो रे? आपल्याच गांवचा दिसतो.”

मीं म्हटलें, “दादा, तो तुमचाच आवाज आहे.”

“असें होय!” ते म्हणाले. “मग त्याला विचार कीं रेंगीचें.”