टोल, तालमी आणि कृती समिती

कोल्हापुरात एखादा सार्वजनिक प्रश्न पेटला की सर्वपक्षीय कृती समिती उभी राहते. तिला स्वतःचे कार्यालय नसते आणि निवडणूकही लढवायची नसते. निमंत्रक ठरतात, बैठक बोलावली जाते आणि एरवी एकमेकांविरुद्ध उभे राहणारे एकाच सतरंजीवर बसतात. या पद्धतीची सर्वांत मोठी कसोटी २०१० नंतरच्या टोलविरोधी आंदोलनात लागली. प्रस्तुत लेखक शिवाजी पेठेतला आहे. त्या काळातल्या बैठका आणि मोर्चे त्याने आतून पाहिले असून पुढील वर्णनाचा बराच भाग त्यावर आधारलेला आहे.

वादाचे मूळ एका करारात होते. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्ते 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर एका खासगी कंपनीने करायचे, त्यासाठी सुमारे २२० कोटी रुपये गुंतवायचे आणि ३० वर्षे टोल घेऊन ते वसूल करायचे, असे ठरले. टेंबलाईवाडीचा एक भूखंडही कराराचा भाग होता. शहराच्या वेशीवर शिरोली, उचगाव, सरनोबतवाडी, कळंबा, फुलेवाडी, शिये अशा ठिकाणी नऊ नाके उभारले गेले. महामार्गावर टोल भरणे लोकांना नवे नव्हते. इथे मात्र रोजच्या कामाच्या वाटेवरच पैसे द्यायचे होते. गूळ, दूध आणि भाजी घेऊन येणारा शेतकरी, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाणारा कामगार, सीपीआर रुग्णालयात रुग्ण आणणारे नातेवाईक, हे सारे त्याच नाक्यांवरून जाणारे. शिवाय गटारी, पदपथ आणि पथदिवे यांची कामे अपुरी असल्याची तक्रार सुरुवातीपासून होती. त्यामुळे हा रोष शहरापुरता राहिला नाही. करवीर तालुक्यातील गावेही त्यात उतरली आणि आंदोलनाचे खरे बळ तिथूनच आले.

शहरातले बळ संघटित कसे झाले, हे कळण्यासाठी तालमींकडे पाहावे लागते. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) कुस्तीला आश्रय दिला, खासबाग मैदान बांधले. त्यांच्या काळात पेठापेठांतील तालमींना बळ मिळाले. आज गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा मोजक्या तालमींत मल्ल घडतात. बाकी बहुतेक ठिकाणी कुस्तीच्या हौद्यातली माती केव्हाच निघाली, पण तालीम मात्र टिकली. गणेशोत्सव, शिवजयंती, शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल संघ, पुराच्या वेळची मदत आणि गल्लीतल्या लग्नाकार्याची धावपळ, हे सगळे तीच पाहते. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे मैदानावर एकमेकांची कट्टर प्रतिस्पर्धी आहेत. सामन्यानंतर पेठांमध्ये हाणामाऱ्याही झालेल्या आहेत. टोलच्या मोर्चात हीच मंडळे एकापाठोपाठ एक सामील होत. प्रत्येकाचे कार्यकर्ते आपापल्या फलकामागे चालत आणि घोषणा एकच असे: 'देणार नाही, टोल देणार नाही.'

मोर्चाची तयारी संध्याकाळी होई. तालमीच्या दारातल्या फळ्यावर खडूने वेळ लिहिली जाई आणि रात्री जेवणे झाल्यावर बैठक बसे. कोण किती रिक्षा आणणार, पाण्याची सोय कुणाकडे, महिलांना कोठून जमवायचे, एवढेच विषय असत. लांब भाषण करणाऱ्याला वडीलधारी माणसे आवरते घ्यायला लावत. महिलांचा सहभाग ही यातली नवी आणि मोलाची गोष्ट होती. ज्या तालमीत बायका एरवी पाऊल टाकत नसत, तिच्या फलकामागे त्या भर उन्हात चालल्या. पेठेच्या सार्वजनिक जीवनातला हा बदल टोलमाफीइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

नेतृत्व अनुभवी होते. शेतकरी कामगार पक्षाचे प्रा. एन. डी. पाटील ऐंशी ओलांडूनही रस्त्यावर उतरले. कम्युनिस्ट पक्षाचे अॅड. गोविंद पानसरे कराराची कलमे सोप्या भाषेत समजावून सांगत. निवडणुकीत या दोघांच्या पक्षांना शहराने क्वचितच साथ दिली, तरी या प्रश्नावर त्यांचा शब्द सर्वांनी मानला. याचे कारण त्यांच्या सचोटीत होते.

२०१३ च्या अखेरीस वसुली सुरू झाल्यावर संघर्ष तीव्र झाला. जानेवारी २०१४ मध्ये बेमुदत उपोषण झाले. मंत्र्यांनी टोलमधून सुटकेचे आश्वासन दिल्यावर ते सुटले, पण नाक्यांवर वसुली चालूच राहिली आणि १२ जानेवारीला जमावाने नाके पेटवले. शांततेने चाललेल्या लढ्यातील ही जाळपोळ समर्थनीय नव्हती. तिच्यामुळे तरुणांवर गुन्हे दाखल झाले आणि कोर्टाच्या खेपा घरच्यांच्या वाट्याला आल्या. पुढे न्यायालयात स्थगिती मिळाली, ती उठली, वसुली पुन्हा सुरू झाली. दरम्यान १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून परतताना पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० फेब्रुवारीला पानसरे गेले. टोलचा लढा जिंकलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते, ही सल शहराला आजही आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने कोल्हापूरचा टोल रद्द करण्याची घोषणा केली. कंपनीला भरपाई देऊन प्रकल्प परत घेण्यात आला. म्हणजे रस्त्यांचा खर्च अखेर सार्वजनिक तिजोरीतूनच भागला. वाहनचालकाच्या खिशातून तो ३० वर्षे जाण्याचे तेवढे टळले.

कृती समितीची ही पद्धत टोलपुरती नव्हती. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची मागणीही वकिलांनी आणि नागरिकांनी याच पद्धतीने चार दशकांहून अधिक काळ लावून धरली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले. हद्दवाढीच्या प्रश्नावर मात्र ही पद्धत अडली. १९७२ मध्ये महापालिका झाली, तरी शहराची हद्द पुढे कित्येक दशके सुमारे ६७ चौरस किलोमीटरच राहिली. टोलच्या वेळी शहराबरोबर चाललेली गावे घरफाळ्याच्या आणि ग्रामपंचायत जाण्याच्या भीतीने या वेळी विरोधात गेली. मध्यम मार्ग म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन केले गेले, पण त्याने शहराचे समाधान झाले नाही आणि गावांची धास्तीही गेली नाही. हद्दवाढीसाठी शहरात एक कृती समिती झाली आणि तिच्या विरोधात गावांनी दुसरी काढली.