आत्याचा खरा आवाज

माणसांप्रमाणे यंत्रांनाही आपापली रीतभात असते, असे म्हटले तर कुणी हसेल. पण आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या जुन्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कुर्डुवाडीहून येडशी, ढोकीवरून लातूरला जाणारी जुनी बार्शी लाइट रेल्वे त्याने पाहिलेली असते. मुंबईकडची मोठी गाडी साडेपाच फुटी रुळांची, आमची धाकटी अडीच फुटी रुळांची. दोघीही आगगाड्याच, पण कुर्डुवाडीला उतरून, वळकट्या डोक्यावर घेऊन गाडी बदलल्यावाचून पुढे सरकता येत नसे.

व्हिडिओ कॅसेटचे हुबेहूब असेच आहे. अमेरिकेतली कॅसेट आणि आपली कॅसेट शेजारी शेजारी ठेवा. जुळ्या बहिणी वाटतील. तोच काळा डबा, तीच अर्ध्या इंचाची फीत. आपल्या यंत्रात ती बिनतक्रार शिरतेही. भांडण सुरू होते ते पुढे. अमेरिकेतल्या घरातली वीज सेकंदाला ६० हेलकावे खाते, आपली ५०. दूरदर्शनची चित्रे मोजण्याची रीत त्या त्या देशाने आपल्या विजेवरून बसवली. तिकडची एनटीएससी पद्धत सेकंदाला ३० चित्रे दाखवते, नेमके बोलायचे तर २९.९७, आणि एकेका चित्रात ५२५ ओळी धरते. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आले ते पाल पद्धतीचे: चित्रे २५, ओळी ६२५. रंग सांगण्याची दोघांची भाषाही वेगळी.

हे सगळे शास्त्र मला शिकावे लागले ते एका कॅसेटपायी.

१९९२ च्या दिवाळीत माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून सास्तूरला आला, तो खांद्यावर कॅमेरा घेऊनच. त्या काळी सास्तूर उमरगा तालुक्यात होते. चार दिवस त्याने दुसरे काही केले नाही. अंगणातली रांगोळी, चुलीपुढे करंज्या तळणारी आत्या, माळवदावरून दिसणारे सारे गाव, गल्लीतली पोरे, गोठ्यातल्या म्हशी, सगळे त्याने त्या फितीत भरले आणि फीत घेऊन तो परत गेला.

पुढच्या दिवाळीला ते गाव राहिले नाही. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे नुकती आडवी झाली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद, उन्हाळ्यात जे गारवा देई, तेच अंगावर आले. आत्या त्या घरातच होती. गाव पुढे दुसऱ्या जागी नव्याने वसले. जुन्या घराची एक चौकटसुद्धा आमच्या हाती लागली नाही.

आतेभावाने ती कॅसेट १९९४ मध्ये आमच्याकडे पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच लिहिले होते, ‘मला पाहवत नाही. तुम्ही जपा.’ आम्ही भाड्याने व्हीसीआर आणला. घरातली पंधरा माणसे सतरंजीवर बसली. पडद्यावर करडी चित्रे वरून खाली घरंगळू लागली, आणि त्यातून आत्याचा आवाज आला, पण कसा? जाडा, ओढलेला, एखाद्या थकलेल्या पुरुषासारखा. आई उठून आत गेली. फीत खराब झाली, असेच सगळ्यांनी धरले. ट्रंकेत ती सर्वांत तळाशी गेली.

पुढे एकदा मोठ्या शहरातल्या एका दुकानदारानेही हाच निवाडा दिला, ‘टेप गेली हो काका.’ फीत मात्र गेलेली नव्हती. सोलापूरच्या माझ्या भाच्याने दोन्ही पद्धती जाणणारा एक जुना व्हीसीआर शोधून काढला. आता ते सोपे नाही. २०१६ नंतर जगात नवा व्हीसीआर कुणी केलेला नाही. त्याने आधी खिडकीतून फितीच्या कडा पाहिल्या, पांढरी बुरशी नाही याची खात्री केली, यंत्राचे डोके पुसले, आणि मग मला उलगडून सांगितले. फितीवर चालीच्या खुणा असतात. अमेरिकेच्या यंत्राला त्या सेकंदाला ३० हव्यात. भाड्याचे यंत्र २५ वर अडून बसले होते. म्हणून फीत सावकाश सरकली आणि आवाज जाडावला. आपल्या दूरदर्शन संचाला तिकडची रंगांची भाषा येत नव्हती, म्हणून रंग गेले.

‘मग आता आपल्या २५ च्या हिशोबात बसवून घे,’ मी म्हटले. भाचा म्हणाला, ‘नाही मामा. जशी भरली तशीच आधी उतरवायची. सेकंदाला पाच चित्रे गाळली की हात हलताना झटके दिसतात. संगणकाला दोन्ही हिशोब सारखेच. मूळ प्रत अमेरिकेच्याच चालीची राहू दे.’

रविवारी दुपारी त्याने फीत लावली. आत्या चुलीपुढे बसली होती. लुगडे हिरवे होते. ते हिरवे होते, हे मी विसरलो होतो. तिने मान वर करून मुलाकडे पाहिले आणि आपल्या बारीक, खणखणीत, थोड्या घाईच्या आवाजात म्हणाली, ‘आरं, ते खांद्यावरचं उतरव आन् आधी दोन घास खा लेकरा.’

मला तेव्हा एक गोष्ट कळली आणि धस्स झाले. इतक्या वर्षांत माझ्या मनातला तिचा आवाजही त्या भाड्याच्या यंत्रातल्या आवाजासारखा होत चालला होता. आठवणीला वाटते, आपण जपतो आहोत. आणि ती जे शेवटचे ऐकले तेच धरून बसते. भूकंपाने माणूस नेले होते. त्याचा आवाजही हळूहळू दुसऱ्याच वाटेने निसटत होता, आणि त्याचे कुणाला दुःखही नव्हते, कारण कुणाला कळलेच नव्हते.

आम्ही तीन प्रती केल्या; एक न्यू जर्सीला गेली. आतेभावाने या वेळी ती पाहिली. फोनवर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘करंज्या जळतील म्हणून ती घाई करत होती बघ.’

दिवाळीच्या आवराआवरीत पुष्कळ घरांच्या माळ्यावरून अशा कॅसेटी निघतात. परदेशातल्या भावाच्या, मावशीच्या, कुणाच्या लग्नाच्या. लावून पाहिल्या की चित्र घसरते, आणि त्या रद्दीच्या ढिगात जातात. तसे करण्यापूर्वी, वाचकहो, एवढेच विचारा, ही फीत कुठल्या देशात भरली होती?