भरतीचे वेळापत्रक आणि एक वही

आमच्या घरी एक लांबट वही आहे, हजेरीपटासारखी. तिच्या प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले आहेत : तारीख, वेळ, आईने काय केले, आम्ही काय केले. आम्ही दोघे बहीणभाऊ. एकजण किनाऱ्यावरील सूक्ष्म शैवलांच्या परिस्थितिकीवर संशोधन करतो, दुसरी महाविद्यालयात मराठी शिकवते. पहिल्याला रकाने आखल्याशिवाय काही दिसत नाही आणि दुसरीला रकान्यांविषयी जन्मजात संशय आहे. तरीही वही दोघांची आहे, आणि तिच्याविषयी लिहायचे तर आधी थोडे चिखलाविषयी लिहिणे भाग आहे. साहित्याच्या वाचकांनी तेवढे सोसावे.

ओहोटीच्या वेळी खाडीकाठच्या उघड्या पडलेल्या चिखलावर कधीकधी सोनेरी-तपकिरी झाक दिसते. पाहणाऱ्याला ती मातीचीच छटा वाटते. प्रत्यक्षात ते डायटम असतात. मराठी विश्वकोशाने त्यांना 'करंडक वनस्पती' असे नाव दिले आहे आणि ते आम्हांला फार आवडते, कारण या एकपेशीय जिवाचे सिलिकाचे कवच खरोखरच झाकण बसवलेल्या करंड्यासारखे, दोन भागांचे असते. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा डायटमांच्या नावावर जमा आहे. चिखलात राहणारे डायटम पाणी ओसरले आणि ऊन पडले की पृष्ठभागावर येतात आणि भरती येण्यापूर्वी पुन्हा खाली उतरतात. हा प्रवास काही मिलिमीटरांचाच असतो. पण करंड्याची लांबी लक्षात घेतली तर ती मोठीच यात्रा म्हणायची. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी जवळच्याच दियश किनाऱ्याच्या वाळूतील डायटमांच्या या हालचालींचा प्रकाश आणि भरती-ओहोटी यांच्या संदर्भात अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला.

यापेक्षाही चकित करणारी गोष्ट जुनी आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील बार्नस्टेबल बंदराच्या वाळूत 'हान्ट्शिया' नावाचा एक डायटम आहे. फोरे-फ्रेमिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये आणि पामर व राउंड या दोघांनी १९६७ मध्ये त्याच्याविषयी लिहिले. ही वाळू प्रयोगशाळेत आणून ठेवली, तिला ना भरती दिसू दिली ना सूर्य, तरी पुढचे काही दिवस हे डायटम त्यांच्या किनाऱ्यावरच्या ओहोटीच्या वेळेला वर येत राहिले. समुद्र नसताना समुद्राची वेळ पाळत राहिले.

आता आई. ती आरोंद्याची, तेरेखोलच्या खाडीकाठची. लहानपणी सुकतीच्या वेळी बायकांबरोबर तिसऱ्या वेचायला जात असे. 'उधाण' आणि 'भांग' हे शब्द आम्ही तिच्याकडून शिकलो, पुस्तकांतून नव्हे. गेली पंचेचाळीस वर्षे ती पणजीत आहे, आणि निदान होऊन आता आठ वर्षे झाली. दिवेलागणीच्या सुमारास ती उठायची, पदर खोचायची, पिशवी शोधायची आणि दाराशी जाऊन म्हणायची, "माका घराक जाऊचा आसा." डॉक्टरांनी याला 'सनडाउनिंग' असा शब्द सांगितला. मराठीत 'कातरवेळ' हा शब्द कधीचा आहे. पण तो निरोगी माणसांच्या हुरहुरीसाठी राखीव आहे असा आमचा समज होता.

हान्ट्शियाची गोष्ट ठाऊक असलेल्या माणसाच्या मनात पुढे काय येणार हे वाचकांनी ओळखलेच असेल. आईच्या अंगात आरोंद्याची सुकती अजून चालू आहे, असे आम्हांला वाटले. ही कल्पना इतकी सुंदर होती की तिच्यावर विश्वास ठेवणे धोक्याचे होते. म्हणून वही आली. एकवीस दिवस आम्ही आईच्या उठण्याच्या वेळा लिहिल्या आणि भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकाशी ताडून पाहिल्या.

काहीही जुळले नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आई मात्र दररोज पावणेसहा ते सातच्या दरम्यानच उठत होती. खाडी आपल्या वाटेने गेली, आई आपल्या. आमच्यातील मराठी शिकवणारीला याचे दुःख अधिक झाले, हे नमूद केले पाहिजे. रूपक मोडले की ते वाईट रूपक होते असे ती वर्गात सांगते. घरात तिला ते सांगवेना.

चौथा रकाना खरे तर सवयीने आखला गेला होता. किनाऱ्यावर नमुने घेताना नमुना घेणाऱ्याचा पाय कुठे रुतला, त्याची सावली चिखलावर किती वेळ होती, हेही लिहायची शिस्त आमच्यातील एकाला आहे. प्रकाशाने हलणाऱ्या जिवांच्या बाबतीत सावली ही साधी गोष्ट नव्हे. एकवीस दिवसांनंतर ओहोटीचे कोष्टक मिटवून आम्ही तो रकाना वाचला, तेव्हा तेथे आमच्याच अक्षरात, पुन्हा पुन्हा, एकच शब्द होता : 'समजावले'. "आई, हेच तुझे घर." "आई, आरोंद्याचे घर पडून वीस वर्षे झाली." "आई, आजी आता नाही." ज्या संध्याकाळी 'समजावले' होते, त्या पुढे 'रडली', 'दार वाजवत राहिली', 'जेवली नाही' असे होते. एके दिवशी आम्ही दाराला कुलूप लावले आणि आत दोघे न बोलता बसून राहिलो, तेही तेथे आहे. सहा दिवस असे निघाले की आमच्यापैकी कोणीतरी लवकर परतले होते, दिवे पाचलाच लागले होते, आणि "जाऊया, भात शिजला की निघू" असे म्हणून तिच्यासमोर वालाच्या शेंगा ठेवल्या होत्या. त्या दिवसांपुढे रकाना जवळजवळ कोरा होता. सहा दिवसांवरून निष्कर्ष काढणारा विद्यार्थी आला असता तर त्याला आम्ही परत पाठवला असता. तरी रडू आले.

आईशी खोटे बोलायचे की नाही, यावर आमचे अनेक रात्री भांडण झाले. ज्या व्यक्तीने वीस वर्षे विद्यार्थ्यांना कल्पितावर तेवढ्यापुरता विश्वास ठेवायला शिकवले, तीच "भात शिजला की निघू" म्हणताना अडखळत होती. दुसऱ्याचे म्हणणे साधे होते : आई घर कोणते हे विचारतच नाही, तिला कोणीतरी बरोबर हवे आहे. कोण बरोबर होते हे अजून ठरलेले नाही.

नातेवाइकांना मात्र कारण हवे होते. "साठी बुद्धी नाठी" म्हणणारे परवडले, पण "काय खायला घालत होतात?" असे विचारणारेही निघाले. गंमत अशी, की खाण्यातून स्मृती जाण्याचे एक खरे उदाहरण आमच्याच क्षेत्रातले आहे. १९८७ च्या अखेरीस कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक माणसे आजारी पडली, काही दगावली. 'स्यूडो-निट्शिया' या डायटमाने तयार केलेले डोमोइक आम्ल शिंपल्यांत साठले होते. त्या विषाने मेंदूतील हिप्पोकॅम्पसवर घाला घातला आणि वाचलेल्यांपैकी काहींची नवी गोष्ट लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची गेली, बाकीची बुद्धी बरीचशी शाबूत असताना. शिंपले, विष, तारीख : सगळे हाती लागले. खरे सांगायचे तर आम्हांला त्या घरांचा क्षणभर हेवा वाटला, आणि मग लाज वाटली. आईचा आजार अल्झायमरचा. त्याला असे एका जेवणाचे कारण नसते. आणि भाषाही आपल्याला सोडत नाही. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला. तेथे तो क्रोधापासून विनाशापर्यंत जाणाऱ्या साखळीतील एक कडी आहे, म्हणजे मनुष्याच्या आचरणाचे फळ. 'भ्रंश' म्हणजे घसरणे, पडणे. वैद्यकाने शब्द उचलला, पण दोषारोपाची ती पुसट छाया शब्दाबरोबर आलीच. 'भ्रंश' म्हणताना कोण घसरले, याचे उत्तर आधीच दिलेले असते.

या सगळ्यात आमची चौकशी पहिल्यांदा केली ती ओळखीतून घरी येऊ लागलेल्या एका ताईंनी. त्या डॉक्टर नव्हत्या. अशा घरांत जाऊन बोलण्याचे प्रशिक्षण त्यांनी घेतले होते. आईशी कोंकणीत थोडा वेळ बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "तुम्ही दोघं रात्री झोपता किती?" दोघांपैकी कोणालाच लगेच उत्तर देता आले नाही. त्याआधी एका रुग्णालयात तासभर वाट पाहिल्यावर आम्हांला चार मिनिटे मिळाली होती, आणि त्यांत आमच्या झोपेचा विषय निघणे शक्यच नव्हते.

पुढे कळले की अशा भेटींचा रीतसर अभ्यास गोव्यातच झालेला आहे. अमित डायस, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली तो प्रसिद्ध केला. ८१ कुटुंबे, त्यांतील काहींकडे प्रशिक्षित गृहसल्लागार सहा महिने जात राहिले, आजाराची माहिती देत, वागणुकीला कसे सामोरे जावे ते सांगत, मुख्यतः ऐकून घेत. काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य निश्चितपणे सुधारले. रुग्णांच्या वागण्यातला फरक मात्र खात्रीने सांगण्याइतका नव्हता. आम्ही हे वाक्य दोनदा वाचले. आजार तेथेच राहिला आणि तरी घरातल्या कोणाचे तरी बरे झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे या विकारांत आहेत. तेवढ्या दारांशी जायला ताई कोठून आणायच्या, हा प्रश्न आहेच.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' आम्ही तो आला तेव्हाच, आईबरोबर, पाहिला होता. हत्तीच्या मागे निघून गेलेल्या शास्त्रीबुवांविषयी परतताना आम्ही बरेच बोललो. त्यांना शोधत फिरणाऱ्या मुलीविषयी कोणीच काही बोलले नव्हते.

ताईंच्या सांगण्यावरून आम्ही वार वाटून घेतले. मंगळवारी आणि शुक्रवारी एकाने संध्याकाळी घरी यायचेच नाही, असा नियम झाला. पहिल्या मंगळवारी तो नियम पाळणारा मिरामारच्या वाळूत सात वाजेपर्यंत नुसता बसून होता. वहीत लिहायचे म्हणून चौथ्या रकान्यात 'बसलो' असे लिहिले.

गेल्या पावसाळ्यापासून आई दाराशी जात नाही. पहिले काही दिवस आमच्या लक्षातच आले नाही. नंतर वहीतल्या रिकाम्या ओळींनी सांगितले. हे 'सुधारणा' म्हणून लिहायचे की कसे, यावर एकमत झाले नाही. मग एका संध्याकाळी आम्हीच विचारले, "आई, आरोंद्याला जायचं?" तिने शेंगांवरून मान वर केली आणि परक्या माणसाशी बोलावे तशा आदराने म्हणाली, "तुमी जावा. माका हय काम आसा."

तिसऱ्या रकान्यात ते तसेच, तिच्याच शब्दांत लिहिले आहे. चौथा त्या दिवशी कोराच आहे.