गावाकडचं वळण

गुजरातीत पाटिया म्हणजे मोठ्या रस्त्यावरून गावाकडे वळायची जागा. पर्वत नावाच्या गावाचं हे वळण, म्हणून पर्वत पाटिया. सुरत शहरानं ते गाव कधीच पोटात घेतलंय. कापडाची मार्केटं झाली, टेम्पोंचा गलका वाढला, पण नाव वळणाचंच राहिलं. आम्हा खानदेशी माणसांना ते फार जवळचं वाटतं.

शेजारचे आबा अमळनेर तालुक्यातले. घरची चार एकर कोरडवाहू आणि भाऊ दोघं. भागेना, तेव्हा जळगाव-उधना गाडी धरून ते इकडे आले. जळगाव, धुळे, नंदुरबारची कितीतरी घरं याच रुळांवरून आली. लिंबायत, डिंडोली, गोडादऱ्याच्या गल्ल्यांतून चालताना आजही अहिराणी कानावर पडते. गावी आबांनी कापूस वेचला. इथं ते साड्यांच्या घड्या घालतात, त्या पॉलिएस्टरच्या. काम सुटल्यावर बोटं चोळत ओट्यावर बसतात. म्हणतात, "या कपडाले वासच नही."

मृग लागला की त्यांचं चित्त थाऱ्यावर नसतं. रोज रात्री भावाला एकच प्रश्न, "पानी पडनं का?" बियाणं, खत, निंदणीची मजुरी, सगळ्याला इथल्या पगारातून हातभार लागतो. ते चार एकर अर्धे या घड्यांवर पिकतात.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. त्याआधी आबांच्या घरात नैवेद्याच्या रोटांचे गहू निघतात. आबांची बायको, आमच्या मावशी, जमिनीवर स्वच्छ धडपा अंथरतात, दाणा न् दाणा निवडतात आणि एकेका नावानं सव्वा मूठ गहू मोजतात. नवऱ्याची मूठ, मुलांची मूठ. मग हात क्षणभर थांबतो आणि गावच्या दिराच्या नावाची मूठ पडते. गहू गावाहून आलेले असतात, तळाशी थोडी काळी माती. ती माती मावशी फेकत नाहीत, दारातल्या तुळशीला घालतात.

आणि पाणी? सुरतेच्या नळाला येतं ते तापीचं. मुलताईला उगम पावलेली ही नदी भुसावळ, अमळनेर तालुका, प्रकाशा ओलांडून, उकाईच्या धरणात थांबून, सुमारे 724 किलोमीटरची वाट संपवायच्या आधी आमच्या हंड्यात पडते. आबांच्या तालुक्यातून ती वाहते, पण त्यांच्या बांधापर्यंत कधी आली नाही. तिच्यावरच्या पाडळसऱ्याच्या धरणाची वाट बघता बघता तिथली एक पिढी म्हातारी झाली. ज्या नदीचं पाणी रानाला मिळालं नाही, तिचंच पाणी आबा इथं सकाळी नळाखाली ओंजळीत धरतात आणि तोंडावर मारण्याआधी कपाळाला लावतात.

सुरतेनं आम्हाला पोटाला दिलं, ते ऋण मोठं आहे. पण गाव सोडणाऱ्याला शेत नकोसं झालं होतं, असं कुणी समजू नये. तापीचं पाणी तापीकाठच्या रानाला पोचवा, एवढंच मागणं आहे. वळणावर उभी असलेली माणसं मग आपणहून घराकडे वळतील.